भिंत नसलेला तुरुंग

हिंदी चित्रपटातला तुरुंग आपल्याला पाठ असतो. उंच भिंत, तिच्यावरून फिरणारा प्रकाशझोत, जर्मनच्या थाळ्यांचा खडखडाट, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, दगड फोडणारे हात आणि मग पलायन. ‘शोले’तले जय-वीरू नकली पिस्तुलाच्या धाकावर निसटतात आणि आपण खूश होतो.

आता बडोद्याच्या जेल रोडवर या. मध्यवर्ती कारागृहाची भिंत इथेही आहे. पण देशातल्या तुरुंगांच्या आत पाहिले, तर पडद्यावरचा तो पट्ट्यांच्या कपड्यांतला, शिक्षा भोगणारा कैदी अल्पसंख्य निघतो. २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या दर चार कैद्यांपैकी तिघांचा खटला अजून चालूच होता. गुजरातीत त्यांना ‘काचा काम’चे कैदी म्हणतात. ते स्वतःच्याच कपड्यांत असतात. सकाळ-संध्याकाळची गिनती, भेटीला येणारी घरची माणसे, वकिलाचा निरोप आणि पुढची तारीख, एवढ्यावर त्यांचे दिवस जातात. कॅमेऱ्याला भिंत दाखवता येते, वाट पाहणे दाखवणे फार अवघड. म्हणून बहुतेक चित्रपट पलायनाकडे धावतात. बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’सारखे (१९६३) थोडेच चित्रपट थांबून बघतात. त्याची मूळ कथा ‘जरासंध’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका बंगाली तुरुंगाधिकाऱ्याची होती. नूतनच्या चेहऱ्यावर साचलेला तो लांबच लांब काळ अशा माणसाच्या अनुभवातून आलेला आहे.

पण मला खरा अचंबा वाटतो तो दुसऱ्याच एका चित्रपटाचा. त्यात तुरुंग आहे आणि भिंतच नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७. आदिनाथ नावाचा जेलर खुनाच्या गुन्ह्यातल्या सहा कैद्यांना बेड्यांशिवाय एका उजाड माळावर नेतो, शेती करायला लावतो आणि त्यांच्यावर पहारा असतो तो फक्त त्याच्या दोन डोळ्यांचा. शांतारामांनी आदल्या ‘झनक झनक पायल बाजे’तले झगमगते रंग बाजूला ठेवून हा चित्रपट काळ्या-पांढऱ्यात केला. जेलरही तेच झाले. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, १९५८मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल, असे मान मिळाले. तरीही अनेकांचे मत ऐकू येते की हे फारच भाबडे आहे, असे कुठे घडते का?

घडले होते. सातारच्या पूर्वेला, माणदेशात.

औंध संस्थान केवढेसे? बडोद्याचा विस्तार आठ हजार चौरस मैलांवर, तर औंधचा जेमतेम पाचशे, तोही तुकड्यातुकड्यांत. राजा मात्र विलक्षण. बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला, चित्रे काढणारा माणूस. १९३९मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. त्या मसुद्यामागे गांधीजींबरोबर आणखी एक अनपेक्षित माणूस होता, मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात वाढलेला पोलिश ज्यू इंजिनिअर, बंगळुरूच्या विजेच्या कारखान्यात कामाला आलेला, पुढे भगवी वस्त्रे घालून स्वामी भारतानंद झालेला. त्याच सुमारास फ्रीडमनच्या आग्रहाने राजांनी संस्थानातल्या कैद्यांना आटपाडीजवळच्या माळावर मोकळे वसवले. त्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. चित्रपटात ते आझादनगर झाले.

ही गोष्ट पडद्यापर्यंत कशी आली, याचा दुवा मला फार आवडतो. चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचा जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा, शिक्षण औंधच्याच मुलखात. ज्याला आपण कल्पनेची भरारी समजतो, ती कवीच्या गावाशेजारची हकीकत होती! त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतही हाच मुलूख आहे आणि औंधचा राजाही आहे.

मग कैदी पळून का जात नाहीत? स्वतंत्रपूरसारख्या खुल्या कारागृहाची घडण पाहिली की उत्तर हळूहळू उलगडते. तिथे कुणालाही थेट पाठवत नाहीत. शिक्षेचा काही भाग बंद तुरुंगात नीट काढलेला, वर्तणूक चांगली असलेला, श्रमाला धट्टाकट्टा असा कैदी निवडतात. तिथे कामाची मजुरी मिळते आणि शिक्षेत सूट बंद तुरुंगापेक्षा जास्त मिळते. म्हणजे घरचा दिवस जवळ येत असतो. पळाला आणि सापडला, तर पुन्हा बंद बराक, मिळवलेली सूट गेली आणि नवा गुन्हा माथी. ज्याच्या हातात गमावण्यासारखे काही आहे, त्याला भिंत लागत नाही. कधीतरी कुणी पळतोही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून व्यवस्था मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या राममूर्ती खटल्यात खुल्या कारागृहांचा पुरस्कार केला, तो याच अनुभवाच्या बळावर.

आणि चित्रपट सत्यापेक्षा मागे पडतो, तो नेमका शेवटाकडे. पटकथेला खलनायक हवा, म्हणून बाजारातले भाजीवाले दलाल गुंड पाठवतात, बैल उभे पीक तुडवतात, जेलर प्राण देतो आणि मग कैद्यांचे परिवर्तन पक्के होते. स्वतंत्रपूर कुणाच्या हौतात्म्यावर उभे राहिले नाही. तिथे रोजचे नांगरणे, पाणी आणि पेरणी होती. असा कंटाळवाणा, नियमित विश्वास पडद्यावर दाखवणे जवळपास अशक्य, आणि माणूस बदलतो तो बहुधा त्यानेच. मला हाच त्या प्रयोगातला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो.

बडोदेकरांना हे बघायला माणदेशापर्यंत जाण्याची गरज नाही. शहराच्या दंतेश्वर भागात खुले कारागृह आहे. तुरुंगाची भिंत दाखवणारे सिनेमे मुलांनी पाहिलेलेच असतील. एखाद्या रविवारी त्यांना ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवा आणि तो संपल्यावर सांगा, की स्वतंत्रपूरची वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे आणि तिथले कैदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करतात.