समुपदेशनाची वाट – भाग ९ : आधी काय कराल?

मागच्या भागात आपण नोंदणीच्या कायद्यांपाशी थांबलो होतो. त्यानंतर सालेकशाहून, अर्जुनी मोरगावहून ज्या विचारणा आल्या, त्यांचा सूर एकच होता : "मॅडम, कायदे कळले, पण परीक्षा कोणती? तयारी कशाची करायची?" म्हणून आज आधी परीक्षेबद्दल थोडं आणि मग तयारीबद्दल सविस्तर.

आपल्या देशात सगळ्या समुपदेशकांसाठी एकच परवाना परीक्षा आज नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पूर्ण वेळ अभ्यासक्रम आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव, दोन्ही लागतं. १९९२ च्या कायद्यानुसार त्या नोंदीशिवाय व्यवसाय करणं गुन्हा आहे. बाकीच्यांना लागू होतो तो २०२१ चा सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजनाचे समुपदेशक, दवाखान्यांतले सामाजिक कार्यकर्ते असे सगळे त्याच्या परिशिष्टात आहेत. अभ्यासक्रमाच्या शेवटी देशभर एकसारखी परवाना परीक्षा घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणजे परीक्षेला कायद्यात जागा मिळाली आहे. आज पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींनी ती आपल्या वाट्याला येणार असं धरूनच अभ्यास करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. आपल्या जिल्ह्याला हा निर्णय फार लागला. दिवसा अंगणवाडीत किंवा शाळेत काम करायचं, रात्री पुस्तकं उघडायची आणि परीक्षेपुरतं केंद्रावर जायचं, अशी एम. ए.ची वाट कितीतरी जणींनी धरली होती. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. लहान मूल घरी ठेवून रोज गाडी पकडणं होत नाही. तरीही निर्णयामागचं कारण मला पटतं, कारण जाणत्या माणसाच्या नजरेखाली प्रत्यक्ष माणसांशी बोलल्याशिवाय हे काम येत नाही. फक्त त्याची किंमत दूरच्या तालुक्यांतल्या मुलींनीच का मोजावी? गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं केटीएस रुग्णालय आहे, बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने या रुग्णालयांशी सांगड घालून नियमित पदव्युत्तर वर्ग चालवावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आता तयारी. परवाना परीक्षेचे प्रश्न कसे असतात हे पाहायला अमेरिकेतली राष्ट्रीय समुपदेशक परीक्षा उपयोगी पडते. तिकडे गेलेल्या मराठी मुलीही ती देतात. तिच्यात २०० प्रश्न असतात. गुण त्यातल्या १६० चेच धरतात, उरलेले ४० पुढच्या परीक्षांसाठी पारखून पाहायचे असतात आणि ते कोणते हे परीक्षार्थीला सांगत नाहीत. तिकडे हा परवाना राज्य देतं. व्हर्जिनियाने समुपदेशकांचा कायदा १९७६ मध्ये केला आणि सगळ्यात शेवटी कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये. सगळा देश परवान्याखाली यायला तिथेही तेहेतीस वर्षं गेली.

अशा परीक्षांत व्याख्या विचारतातच, पण अभ्यासू मुलींचे गुण जातात ते प्रसंगाच्या प्रश्नांत. एक प्रसंग देतात, खाली चार पर्याय. चारही पर्याय चांगलेच वाटतात आणि प्रश्न असतो : यातलं तुम्ही आधी काय कराल? पाठांतर इथे कामाला येत नाही. मी असे प्रश्न आपल्याच जिल्ह्यातल्या प्रसंगांवर बेतते. त्यांतल्या तीन प्रसंगांवर आज थांबू या.

पहिला प्रसंग सिकलसेलचा. देवरी तालुक्यातलं जोडपं, दोघंही वाहक. पहिल्या मुलाला आजार निघाला. सासूबाई म्हणतात, "चारात एकाला होते म्हणाले डॉक्टर. तो एक झाला. आता पुढचे तीन चांगले निघतील." सून तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही आधी काय कराल?

बहुतेक जणी लगेच दुरुस्त करायला धावतात. गणित आपल्याला पक्कं यायलाच हवं : आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, मूल वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून सुटण्याची २५ टक्के. 'प्रत्येक' हा शब्द घरच्यांपर्यंत पोचत नाही. मी चार मण्यांचं उदाहरण देते. वाटीत एक लाल, दोन पिवळे, एक पांढरा मणी. डोळे मिटून एक काढा, पाहा आणि परत वाटीत टाका. पुढच्या वेळी वाटीत पुन्हा चारच मणी असतात. लाल एकदा निघाला म्हणून तो वाटीतून जात नाही. मणी त्यांच्याच हाताने काढायला लावले की सासूबाईंनाही समजतं.

पण परीक्षेत 'शक्यता समजावून सांगा' हा पर्याय निवडलात तर चुकाल. आधी विचारायचं : "डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुम्हाला कसं कळलं, ते मला सांगाल?" आणि हे सुनेलाही विचारायचं, शक्य तर तिच्या एकटीशी बोलून. पुढचं मूल हवं की नको, गर्भाची तपासणी करायची की नाही, हे जोडप्याने ठरवायचं. आपण माहिती द्यायची आणि निर्णयाला वेळ द्यायचा. 'लग्नच करायला नको होतं' असं काही बोललात तर ती सून पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं लक्ष्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांतही सिकलसेल आहे. तपासणीचा कागद हातात पडला की त्या घराला समजावून सांगणारं माणूस लागतं. गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात हे काम तुमच्याचकडे येणार आहे, म्हणून हा प्रसंग मी सगळ्यात आधी घेतला.

दुसरा प्रसंग. धानाची रोवणी आटोपलेली. गोरेगावकडचा पन्नाशीतला शेतकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. म्हणतो, "जीव घाबरते, झोप लागत नाही, कामात मन लागत नाही." नैराश्याची प्राथमिक पाहणी करणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली तुम्ही त्याला वाचून दाखवता. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की पुढची तपासणी, असा साधारण दंडक. याची बेरीज येते सात. फक्त नवव्या प्रश्नाला त्याने 'काही दिवस' असं उत्तर दिलं आहे. आधी काय कराल?

नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याच्या वर काहीही आलं की बेरीज बाजूला ठेवायची आणि सरळ विचारायचं : "जीव द्यावा असे विचार येतात का?" असं विचारल्याने माणसाच्या मनात नसलेला विचार येत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा त्याला आधार वाटतो. मग पुढचे प्रश्न : कसं करायचं हे मनात ठरलंय का, याआधी प्रयत्न झालाय का, घरात सोबतीला कोण आहे. आणि आपल्या भागात न विसरता विचारायचं, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? ते घराबाहेर, कुलपात, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाईल याची सोय त्याच दिवशी घरच्यांशी बोलून करायची. धोका जवळचा वाटला तर त्याला एकटं सोडायचं नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे सोबत न्यायचं. घरी परतणाऱ्या माणसाला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून द्यायचा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि फोन फुकट लागतो.

घरचे पोलिसांच्या धास्तीने गप्प राहतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

याच प्रसंगात भाषेचाही मुद्दा आहे. पुस्तकात 'चिंता', 'नैराश्य', 'अवसाद' लिहिलेलं असतं. आपल्याकडे माणूस सांगतो, डोस्कं भणभण करते, काही सुचत नाही, बाहेरचं झालं असेल. कुणी हे पोवारीत सांगेल, कुणी गोंडीत, कुणी छत्तीसगढीत, बाजारात हिंदीत. वहीच्या एका बाजूला परीक्षेचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या गावचा शब्द, अशी यादी आजपासून करायला घ्या. माझी अशी वही बारा वर्षांची आहे आणि तिच्यात अजूनही भर पडते.

तिसरा प्रसंग अवघड आहे. सोळा वर्षांची मुलगी शाळेत तुमच्याकडे येते. "कुणाला सांगणार नाही असं वचन द्या" म्हणते आणि नात्यातल्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते. आधी काय कराल?

तिने वचन मागितलं तेव्हा तुम्ही 'हो' म्हणालात, तर चूक तिथेच झाली. गुप्तता पाळणं आपलं कर्तव्य आहे, पण तिला मर्यादा आहे आणि ती पहिल्याच भेटीत, काहीही ऐकण्याआधी सांगायची असते : "तुझं बोलणं माझ्याजवळच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आतल्या कुणावर अत्याचार झाला असेल, तर मला ते सांगावं लागेल." २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुख्याध्यापकांना विचारून ठरवू, आईवडिलांशी बोलून पाहू, हे पर्याय परीक्षेत मोह घालतात, पण कायद्याने घातलेलं बंधन त्याने टळत नाही.

तक्रार आपण करणार आहोत हे त्या मुलीला आधी आपल्याकडून कळलं पाहिजे. पुढे काय होईल तेही तिला सांगा : जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, ती गणवेशात नसते, आणि रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. हे सगळं कलम २४ मध्ये आहे. ठाण्यात नेऊन बसवतील ही तिची सगळ्यात मोठी भीती असते, म्हणून हे कलम तोंडपाठच करा. पाठांतराच्या विरोधात मी एवढं बोलले, तरी हे एक पाठ हवंच.

पुढच्या आठवड्यासाठी एक प्रसंग देते. तालुक्यात तुम्ही एकट्याच समुपदेशक आहात. तुमच्या चुलत जावेची मुलगी केंद्रावर येते आणि म्हणते, "काकू, माझं लग्न मोडायच्या बेतात आहे, तुमच्याशिवाय कोणापाशी बोलू?" तिची सासू दर मंगळवारी तुमच्या घरी भजनाला येते. पर्याय चार : नकार द्यायचा, नेहमीसारखं काम सुरू करायचं, गोंदियाला दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं, किंवा आजची भेट घेऊन नात्याची अडचण तिच्यासमोर मांडायची. निवडलेला पर्याय आणि सोडलेल्या तिन्हींची कारणं वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण तिथूनच सुरू करू.