गावच्या दप्तराची पावणेदोनशे वर्षं

सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसिलांतली, शाळांतली, भूमी अभिलेख कार्यालयांतली जुनी बासनं सुटली. पणजोबाचं नावही ठाऊक नसलेली माणसं मोडी वाचणाऱ्याच्या दारात उभी राहिली. मराठा आरक्षणाचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. आपल्या खेड्यांचा इतिहास गावोगावच्या कागदांत लिहिलेला आहे, हे त्या धावपळीत लाखो लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

हे कागद इतिहासासाठी कुणी लिहिले नव्हते. वतनाचं भांडण उभं राहिलं की दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे हक्काची लेखी हकिकत, सादर करीत: मूळ पुरुष कोण, भाऊवाटण्या कशा झाल्या, कुठली शाखा निपुत्रिक बुडाली. इंग्रजी अमलात 1852 च्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला बळ आलं आणि इनामदार-वतनदारांना हक्काचे पुरावे पुढे मांडावे लागले. त्यातून वंशावळी आणि कैफियतींचा मोठा साठा सरकारजमा झाला. तो आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या शेजारी आहे.

माळ्यावर आणि बळदांत कुजणाऱ्या कागदांकडे इतिहास म्हणून पाहायला शिकवलं ते इतिहासाचार्य राजवाडे यांनी. घरोघर हिंडून जमवलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पुढे इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे 45 भाग काढले. या कामाचं ऋण फेडता येणार नाही. तरीही त्याचा ओढा स्वाऱ्या, सरदार आणि दरबार यांच्याकडे राहिला. सामान्य कुणब्याचं, कारूनारूंचं (बलुतेदार-अलुतेदारांचं) घर त्यात क्वचितच दिसतं.

ते घर सापडतं गावच्या चावडीत. कोतवाल बुकाचं, म्हणजे गाव नमुना 14 चं जुनं पान उघडा. मोडीत ओढलेली एकेक ओळ: तारीख, बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी. बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी, कारण बारशाआधीच जन्म लिहिला जाई. त्याच्या जोडीला फेरफार नोंदवही घ्या. ‘अमुक मयत, वारस अमुक’ या नोंदींचा धागा धरून मागे गेलं की तीन-चार पिढ्या हाती लागतात. शाळेचं जनरल रजिस्टर जन्मतारीख आणि गाव पक्कं करतं. मराठवाड्यात वाट वेगळी: निजामी राजवटीमुळे तिथले कितीतरी कागद उर्दू-फारसीत आणि हैदराबादेत.

सरकारबाहेरची साधनंही तितकीच मोलाची. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते आणि तीत आजोबांची सही भेटते. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे वंशावळी सांगणारा हेळवी बैल घेऊन दारात येतो, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नवी नावं लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. शिकलेल्या घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले.

एवढं असूनही निम्मं गाव या कागदांबाहेर राहिलं. ज्याच्याकडे जमीन किंवा वतन, त्याचीच नोंद भक्कम. ज्यांना गावात घरच नव्हतं त्या भटक्या-विमुक्तांकडे आज जातीच्या दाखल्यासाठी 1961 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, हा अन्याय आहे. बायकांचं तर काय सांगावं! वंशावळीत मुलगी नाही आणि सून आली तरी तिचं माहेर नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये मिळाला. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं. फार उशिरा, पण चांगलं झालं.

या साऱ्या काळाचा निष्कर्ष सरळ आहे: ज्याला हक्क, त्याचं नाव कागदावर टिकलं. उरलेली नावं आपणच लिहायची आहेत. घरात ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल तर या सुट्टीतच त्याच्याजवळ वही घेऊन बसा. आजी, पणजी, त्यांची माहेरची नावं आणि गावं विचारा. कोण कुठून जगायला आलं, कुठल्या दुष्काळात गाव सोडलं, तेही लिहा. ट्रंकेतला मोडी कागद रद्दीत घालू नका, लॅमिनेट करू नका. उजेडात नीट फोटो काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला द्या. मोडी येत नसेल तर शिका; वाचणारे हात कमी आहेत आणि बासनं पुष्कळ.