तीळ आणि तीन महिने

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जगात सर्वाधिक आहे. त्यामुळे संशयास्पद तिळावर नजर ठेवण्याची शिस्तही तिथे घोटूनघोटून पक्की झाली. सिडनीत स्कॉट मेन्झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत अशी: सपाट तीळ थोडा शंकास्पद वाटतो, पण कर्करोगाची ठळक खूण दिसत नाही, तेव्हा डर्मोस्कोपमधून त्याचा फोटो काढायचा आणि साधारण तीन महिन्यांनी तसाच दुसरा घ्यायचा. दहापट मोठं दाखवणाऱ्या या भिंगाच्या ध्रुवीकृत प्रकाशात कातडीवरची चकाकी नाहीशी होते आणि एरवी नुसता तपकिरी डाग दिसतो तिथे रंगद्रव्याची बारीक जाळी उलगडते. पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवले की तपासणारा एका कडेला फुटलेले नवे ठिपके शोधतो, एकाच बाजूला सरकलेली सीमा शोधतो. माणसाच्या आठवणीला हे जमत नाही. ‘पूर्वी एवढाच होता’ हे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, पण पाठीवरचा तीळ त्याने स्वतः कधी नीट पाहिलेलाच नसतो. मला तर वाटतं, या तपासणीत खरं काम काळ करतो. कॅमेरा त्याची नोंद ठेवतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: शंका आहे तर कापून टाका, वाट कशाला बघायची? ज्याच्या अंगावर शंभर तीळ आहेत, त्याचे किती कापणार? प्रत्येक छेदाचा व्रण राहतो, आणि कापलेल्यांपैकी बहुतेक निरुपद्रवीच निघतात. शिवाय अनेक मेलॅनोमा जुन्या तिळातून न उगवता कोऱ्या कातडीवर येतात, म्हणजे सगळे तीळ काढूनही सुटका नाहीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वाट पाहण्यात रोग खोल गेला तर? मेलॅनोमाचं भवितव्य मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतं. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिलं तेव्हापासून ती मिलिमीटरमध्ये मोजली जाते. म्हणूनच या पद्धतीचा एक नियम कधीही मोडायचा नसतो: उंचावलेली, टणक, वाढत जाणारी गाठ निरीक्षणाखाली ठेवायची नाही, ती लगेच काढायची. वाट पाहण्याची मुभा फक्त सपाट तिळाला, आणि तीही रुग्ण ठरल्या दिवशी परत येणार असेल तरच. पहिला फोटो काढून माणूस फिरकलाच नाही, तर ती तपासणी अर्धवट राहते.

तिसरा आक्षेप मी मान्य करतो. अमेरिकेत चाळीस वर्षांत मेलॅनोमाची निदानं सुमारे सहापट झाली, पण मृत्यू त्या प्रमाणात वाढले नाहीत. म्हणजे कधीच त्रास न देणारे डागही कर्करोग म्हणून नोंदले जात असावेत. सिडनी-ब्रिस्बेनकडे ब्याण्णव कॅमेऱ्यांनी एका क्षणात पूर्ण शरीर टिपणारी यंत्रं आली आहेत. ती सरसकट सगळ्यांवर चालवली तर हा धोका वाढेल. ज्यांना आधी मेलॅनोमा झाला आहे, ज्यांच्या घरात तो आहे किंवा ज्यांच्या अंगावर भरपूर तीळ आहेत, त्यांच्यापुरतीच ती राखून ठेवणं मला योग्य वाटतं.

आपल्याकडे मेलॅनोमा दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथला उन्हाशी संबंध जवळपास नसतो. बॉब मार्ली यांना झालेला मेलॅनोमा पायाच्या बोटाच्या नखाखालचाच होता; १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये ते गेले. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारखे उंचवटे आणि चर असतात. जपानी डॉक्टरांनी दाखवलं की साध्या तिळाचा रंग बहुधा चरांमधून धावतो, तर मेलॅनोमाचा उंचवट्यांवर पसरतो. उंचवटे ओळखायचे कसे? घामाची छिद्रं त्यांच्यावरच उघडतात आणि डर्मोस्कोपमध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसतात. एवढा बारकावा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून असा डाग कुरूप किंवा ठेच समजून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. तेव्हा तळपायावर नवा काळा डाग दिसला, नखात काळी रेघ रुंदावत गेली किंवा ‘कुरूप’ भरून न येता चिघळलं, तर मलम चोळत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि डर्मोस्कोपने बघायला सांगा.