आधी जाळलं, मग तिथूनच कारभार केला. मुंबईतल्या 'मॅनर हाऊस'ची गोष्ट

मुंबईत फोर्ट भागातल्या टाऊन हॉलच्या मागे नौदलाचा 'आयएनएस आंग्रे' हा तळ आहे. याच तळाच्या आत बॉम्बे कॅसल हा जुना किल्ला आहे. या किल्ल्याची सुरुवात मात्र एका घरापासून झाली. ते घर नेमकं कोणी बांधलं?

गार्सियाचं घर?

सहसा एकच नाव घेतलं जातं, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. ते १५३४ मध्ये भारतात आले. पुढे त्यांना मुंबई बेट खंडाने मिळालं. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात मुंबई बेटाचा आणि इथल्या आंब्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे गार्सियांचा मुंबईशी संबंध पक्का आहे.

अडचण पुढे येते. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच जहाजांनी मिळून मुंबईवर हल्ला केला आणि हे घर जाळलं. त्यामुळे नंतरच्या घरात गार्सियांच्या काळातलं किती उरलं, हा वादाचा मुद्दा आहे.

घर की किल्ला?

हल्ल्यात सामील असलेल्या एका इंग्रज खलाशाच्या नोंदीनुसार ही वास्तू एकाच वेळी कोठार, मठ आणि गढी होती. भोवती मोठी बाग होती. पण इंग्रज प्रवासी जॉन फ्रायरच्या मते घराची जागा छान, तटबंदी मात्र कच्ची होती.

मुंबईचा ताबा इथेच

१६६१ च्या विवाह करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. प्रत्यक्ष ताब्याच्या कागदावर सह्या झाल्या त्या १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, याच घरात. तेव्हा घराची मालकीण होती दोना इग्नेझ द मिरांडा.

१६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीने घराभोवती तट आणि बुरूज उभारले. ज्या घराला इंग्रजांनी आग लावली होती, तेच आता त्यांच्या गव्हर्नरचं ठिकाण झालं.

आज काय?

संरक्षण क्षेत्र असल्याने सर्वसामान्यांना इथे सहज जाता येत नाही. पण तळाचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजांच्या या जुन्या किल्ल्यावर आज कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे, ज्यांना समुद्रात हरवणं कंपनीला कधीच जमलं नाही.