दिवसाउजेडी दिसणारा रानपिंगळा
मेळघाटात हे घुबड पाहायला रात्र जागवू नका. अमरावतीहून परतवाडामार्गे जा किंवा अकोल्याहून अकोटमार्गे. सकाळी सागाच्या उघड्या फांद्या नीट न्याहाळा. ऊन खात बसलेला रानपिंगळा मधूनच शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि भरदिवसा सरड्यावर झेपावतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, पोट खाली पांढरंशुभ्र.

१८८४ नंतर ११३ वर्षं त्याची खात्रीची नोंदच नव्हती. नामशेष झाला, असंच बहुतेकांनी धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला; पुढे आपल्या मेळघाटातही. हा पक्षी भारताबाहेर कुठेच नाही. म्हणून इथला जुना, पोकळ साग तोडू नये: रानपिंगळ्याची घरटी झाडांच्या ढोल्यांत असतात.