गिरणगावचा चिमुकला शिकारी

रेशमासारखे लांबसडक केस, उभे टोकदार कान आणि जेमतेम तीन किलो वजन! यॉर्कशायर टेरिअर जातीचा कुत्रा पाहिला, म्हणजे तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच जन्मला असावा, असे वाटते. वस्तुतः त्याचे पूर्वज कष्टकऱ्यांच्या घरी वाढले.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्या झपाट्याने वाढल्या. हातमाग बंद पडू लागले. तेव्हा स्कॉटलंडमधील अनेक विणकर पोटासाठी उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांचे लहानसे टेरिअर कुत्रेही आले. ‘टेरिअर’ हा शब्द भूमी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. बिळात शिरून शिकार करणारा, तो टेरिअर. गिरण्यांत आणि कामगारांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत उंदरांचा सुळसुळाट असे. त्यांचा फडशा पाडण्याचे काम हे कुत्रे करीत.

विणकरांनी या कुत्र्यांचा स्थानिक कुत्र्यांशी संकर केला. लहान अंगाची, तलम केसांची आणि धीट वृत्तीची पिल्ले ते पुढील पिढीसाठी निवडीत. अशा निवडीने केस इतके मुलायम झाले की, ते मागावरच विणले असावेत, असे लोक थट्टेने म्हणत.

१८५९ पासून इंग्लंडमध्ये कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली आणि या शिकाऱ्याचे रूपही लोकांच्या नजरेत भरले. १८६५ मध्ये जन्मलेल्या ‘हडर्सफील्ड बेन’ या कुत्र्याने प्रदर्शनांत आणि उंदीर मारण्याच्या शर्यतींतही बक्षिसे पटकावली. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून तो अकाली मरण पावला; परंतु तोवर त्याची गुणी संतती सर्वत्र पसरली होती. म्हणून त्याला या जातीचा जनक मानतात.

प्रारंभी या कुत्र्यांना ‘स्कॉच टेरिअर’ म्हणत. त्यांची खरी सुधारणा यॉर्कशायरमध्ये झाली, म्हणून त्यांना त्या परगण्याचेच नाव द्यावे, असे १८७० च्या सुमारास एका वार्ताहराने सुचविले. ते लोकांना पटले. १८७४ मध्ये केनेल क्लबच्या पहिल्या वंशनोंदवहीतही ते नाव आले.

ज्या विणकरांनी ही जात घडविली, त्यांतील बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या परगण्याचे नाव मात्र हा चिमुकला कुत्रा आज जगभर मिरवीत आहे.