हवा कमी करण्याची पन्नास वर्षे

21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याची शर्यत लावली. वाट तीन-साडेतीन किलोमीटरांची, कच्ची, वळणावळणाची आणि जवळपास 400 मीटर खाली उतरणारी. उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक या उतारावर असा तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडले. शर्यत भरवणारा चार्ली केली, तीत उतरणारे गॅरी फिशर आणि जो ब्रीझ यांच्यापासून माउंटन बाइकचा इतिहास सांगायची पद्धत आहे. तो बहुतेक वेळा फ्रेम, गिअर आणि सस्पेन्शनभोवतीच फिरतो. खरे तर ही मंडळी महायुद्धाआधीच्या श्विन सायकली भंगारातून हुडकून काढत होती, त्या मजबूत फ्रेमइतक्याच जाड टायरसाठी.

श्विन कंपनीने 1933 मध्ये 26 बाय 2.125 इंचांचा बलून टायर अमेरिकेत आणला होता. त्याआधी तिथल्या मुलांच्या सायकलींना रिमवर चिकटवलेले एकसंध टायर असत. ते फाटले की दुरुस्ती जिकिरीची होई. बलून टायरमध्ये ट्यूब वेगळी होती आणि रुंदीमुळे हवाही कमी लागे. रस्त्यावरचे खड्डे सोसावेत म्हणून केलेली ही सोय चाळीस वर्षांनी डोंगरात कामाला आली. कमी हवेचा टायर दगडावरून उसळत नाही, दगडाला धरून राहतो. पुढच्या पन्नास वर्षांतली टायरमधली बहुतेक धडपड एकाच प्रश्नाची होती: हवा आणखी किती कमी करता येईल?

सत्तरीच्या शेवटी हलक्या ॲल्युमिनियमच्या रिम आणि हलके टायर मिळू लागले. पोलादी चाकांचे ओझे गेले आणि ढकलत वर नेण्याची सायकल चालवत वर नेता येऊ लागली. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही माउंटन बाइक आली आणि हा खेळ मूठभरांचा राहिला नाही.

नव्वदीत मात्र वाट चुकली. शर्यतींच्या नादात टायर अरुंद झाले. दोन इंचांच्या आसपासच्या टायरमध्ये 40 पीएसआयपर्यंत हवा ठासून भरली जाऊ लागली. कडक टायर वेगवान, ही समजूत सडकेवरून आली होती. खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि वेग तिथेच वाया जातो. पण हवा कमी केली तर दुसरेच संकट उभे राही. चाक खडकावर आपटले की टायर रिमपर्यंत दबे, ट्यूब मध्ये चिमटे आणि सापाच्या दंशासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडत. त्यावर उपाय एकच, ट्यूब काढून टाकणे.

1999 मध्ये माव्हिक, हचिन्सन आणि मिशलिन या तीन फ्रेंच कंपन्यांनी मिळून ट्यूबलेसची यूएसटी ही पद्धत आणली. रिम हवाबंद, टायरची कड तिच्यात घट्ट अडकणारी. काम चोख होते, पण टायर जड आणि महाग. अमेरिकेच्या स्टॅन कोझिॲटेकने वेगळा मार्ग काढला: साध्या रिमवर हवाबंद पट्टी आणि आत लॅटेक्सचे पातळ द्रव. काटा घुसला की हवेबरोबर द्रव भोकाकडे धावते आणि तिथेच घट्ट होते. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात ही युक्ती मोलाची ठरली, कारण तिथले सायकलस्वार ज्या काट्याने हैराण होते तो म्हणजे आपल्याकडच्या माळरानावरचा सराटा.

दुरुस्तीचे तंत्रही यात बदलले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा खरवडायची, सोल्युशनची चमक जाईपर्यंत थांबायचे आणि मगच पॅच दाबायचा, हे जुने शास्त्र. त्यातली सर्वांत जास्त राहून जाणारी पायरी म्हणजे टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधणे. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत बसते. ट्यूबलेसमध्ये मोठे छिद्र पडले तर मोटारीच्या टायरमध्ये खुपसतात तशीच चिकट पट्टी, पण बारीक, बाहेरूनच खुपसतात. चाक काढावेही लागत नाही. टायर चढवण्याची मेख मात्र तीच राहिली. रिमच्या मधोमध खोलगट चर असतो. टायरची कड सगळीकडून त्या चरात ढकलली की शेवटच्या टप्प्याला ढील मिळते. ज्याला हे ठाऊक नसते तो लिव्हरने जोर लावतो आणि ट्यूब फाडून बसतो.

चाकाचा आकारही टायरनेच ठरवला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जेफ ॲप्स या इंग्रज डिझाइनरने फिनलंडच्या नोकियन कंपनीचे मोठ्या व्यासाचे बर्फातले टायर कॅलिफोर्नियात चार्ली केली आणि गॅरी फिशर यांना पाठवले होते. पुरवठ्याची खात्री नव्हती, म्हणून 26 इंचच टिकले. 1999 मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर आला तेव्हा 29 इंची चाकाला भरवशाचा रुंद टायर मिळाला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुल्हावीने 29 इंचांवर सुवर्ण जिंकले, 27.5 इंचांवरचा निनो शुर्टर दुसरा आला. आज क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीतही 2.4 इंचांचे टायर आणि 20 पीएसआयच्या आसपासची हवा नवलाची राहिलेली नाही.

सह्याद्रीतल्या जांभ्याच्या वाटांवर, बाभळीच्या काट्यांत सायकल घालणाऱ्यांना या मागोव्याचा थेट उपयोग आहे. नवा गिअर घेण्याआधी पैसे टायरवर खर्च करावेत. पकड देणारा मऊ टायर पुढे, कमी घासणारा मागे. खरेदी करताना इंचांवर विसंबू नये, टायरच्या बाजूवर छापलेला 559, 584 किंवा 622 हा आकडा रिमवरच्या आकड्याशी जुळवून पाहावा. ट्यूबलेस असेल तर आतले द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकते, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासावे.